सांगलीतल्या एफएमवर मराठी गाणी नक्की कधी होती?

वखारभागकर :
मंडळी, घरातला एक वाद सोडवून द्या. आमचे सासरे म्हणतात, सांगलीत खाजगी एफएम आलं तेव्हा सकाळी छान मराठी भक्तिगीतं लागायची, मग पोरासोरांनी ती बंद पाडली. मेहुणा म्हणतो, असलं काही नव्हतंच, पहिल्या दिवसापासून हिंदी होतं, मराठी नंतर घुसलं. मी तेव्हा पुण्यात शिकायला होतो, त्यामुळे मी मध्ये बोलायचं नाही यावर मात्र दोघांचं एकमत आहे.
अजून एक. मागं कामासाठी सोलापूरला गेलो होतो, दुपारी गाडीत रेडिओ लावला तर सांगलीत ऐकतो तोच आवाज आणि तोच विनोद. मग याला स्थानिक रेडिओ म्हणायचं कशाला? आणि स्टेशनचा बाज दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, तो ठरवतं कोण? कुणी या लाइनमध्ये काम केलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

मिरज_जंक्शन :
तुमच्या सासऱ्यांच्या डोक्यात आकाशवाणी आणि एफएमची खिचडी झालेली दिसते. सकाळची भक्तिगीतं म्हणजे आकाशवाणी सांगली, मीडियम वेव्ह, १२५१ किलोहर्ट्झ. ६ ऑक्टोबर १९६३ पासूनचं केंद्र. आमच्याकडं आजोबा उठले की रेडिओ उठायचा. ६ वाजून ५५ मिनिटांनी संस्कृत बातम्या, 'प्रवाचकः बलदेवानन्द सागरः'. संस्कृतमध्ये मला कधी पन्नासच्या वर मार्क पडले नाहीत, पण ते वाक्य अजून पाठ आहे. एफएमवर भक्तिगीतं ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. मेहुणा बरोबर.

स्पॉटवाली_विश्रामबाग :
थांबा, निकाल एवढ्यात देऊ नका. सासरेबुवांचं अगदीच खोटं नाही.
मी एफएम स्टेशनच्या नोकरीत कधी नव्हते, पण विश्रामबागेत एका छोट्या जाहिरात एजन्सीत बरीच वर्षं रेडिओचे स्पॉट लिहायचं काम केलं. साड्यांची दुकानं, सराफ, ट्रॅक्टरची शोरूम, बारावीचे क्लास, द्राक्षाची औषधं, एक मंगल कार्यालय. दहा सेकंद, वीस सेकंद, फार तर तीस. त्यामुळे स्टेशन आतून नाही, पण मागच्या दारातून पुष्कळ बघितलं. रेडिओ सिटी ९१.१ सगळ्यांनाच माहीत आहे, पण मी खाली जे लिहिते ते कुठल्या स्टेशनचं, हे सांगणार नाही. ओळखू आलं तर ओळखा आणि गप्प बसा.

आधी, ही स्टेशनं सांगलीसारख्या गावात आलीच कशी ते बघू. सरकारनं खाजगी एफएमचा पहिला लिलाव १९९९-२००० मध्ये केला. लायसन्स फी ठरलेली आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार, मग तुमचा धंदा होवो न होवो. त्या हिशोबात मोठ्या शहरांतलेसुद्धा मेटाकुटीला आले. २००५ ला दुसरा टप्पा आला, त्यात पद्धत बदलली. एकदा प्रवेश फी भरा, नंतर दरवर्षी उत्पन्नाच्या ४ टक्के द्या (त्याला एक किमान मर्यादा होती, पण ते असो). ९१ शहरांतल्या ३३८ फ्रिक्वेन्सी लिलावाला निघाल्या. आपल्याकडं एफएम आलं ते या दाराने. सांगलीकरांनी मागणी केली म्हणून कुणी आलं नाही. हिशोब जमायला लागला म्हणून आले.

आता सुरुवातीचा बाज. मेहुणा म्हणतो ते बरोबर, गाणी हिंदी, तीही नवीकोरी. आरजे, म्हणजे रेडिओवरचे निवेदक, बोलायचे ते अर्धं हिंदी, अर्धं मराठी. त्यातलं मराठीही सदाशिव पेठेतून पार्सल आल्यासारखं. मग त्या काळात सांगलीचं मराठी ऐकायला मिळायचं कुठं? जाहिरातीत! हे मी माझी पाठ थोपटून घेण्यासाठी सांगत नाही. दुकानदाराला दुसरं चालायचंच नाही. कापड पेठेतल्या एका शेठजींना मी पहिला स्पॉट वाचून दाखवला, त्यात 'आकर्षक साड्यांचे भव्य दालन' असं काहीतरी होतं. ते म्हणाले, "ताई, दालन काय करायचंय? 'या की बघायला' असं म्हणा." तसं म्हटलं. त्या स्पॉटनं त्यांच्या दुकानात गर्दी किती झाली ते देव जाणे, पण भाजीवाली मला ओळखीने 'या की बघायला' म्हणायला लागली. एक-दोन वर्षांत आरजेसुद्धा तसं बोलायला लागले. माझ्या मते स्टेशनवर सांगली आली ती अशी जाहिरातीतून आली, गाण्यांतून नाही.

बाज कोण ठरवतं, हा तुमचा मुद्द्याचा प्रश्न. लोकांना वाटतं, कुणीतरी श्रोते मोजतं आणि त्यावरून ठरतं. रेडिओचे श्रोते आठवड्याला मोजणारी रॅम नावाची पद्धत २००७ मध्ये सुरू झाली. ती होती मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता एवढ्या चार शहरांत. सांगलीत कोण किती ऐकतं ते सांगायला तिथं कुणी आलं नाही. मग इथं मोजमाप कशानं? किती फोन आले, किती एसएमएस आले, पानपट्टीवर कुठलं स्टेशन लागलंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुकानदारानं स्वतःची जाहिरात स्वतःच्या कानानं ऐकली का. हे शेवटचं लिहून ठेवा. सगळी गोम त्यात आहे.

स्टेशनचा सेल्सवाला सकाळी हरभट रोडला एका टोकाला सुरुवात करायचा, गणपती पेठ करून दुपारी परत. त्याच्याजवळ दरपत्रक असायचं, दर दहा सेकंदांना इतके रुपये, सकाळी महाग, दुपारी स्वस्त. पण दुकानदार दर बघायचा नाही. तो विचारायचा, "माझी कधी लागणार?" आणि मग म्हणायचा, "मी साडेदहाला दुकान उघडतो, देवाला उदबत्ती लावतो, तेव्हा लावा." एका सराफानं तर बायको स्वयंपाक करते ती वेळ मागून घेतली, कारण पैसे खर्च केल्याचं घरी कळायला पाहिजे होतं. असे दहा-वीस लोक एकाच वेळेला आले की सेल्सवाला आत जाऊन सांगणार, आठ ते अकरा बायका ऐकतात. खरं तर बायका ऐकतात हे कुणी तपासलेलं नव्हतं, दुकानदारांच्या बायका ऐकतात एवढंच सिद्ध झालेलं होतं. पण त्यावरून सकाळच्या शोमध्ये मराठी गाणी आली. आधी तासाला एक, मग दोन, मग अर्धा शो. साड्यावाल्यांना हिंदी धांगडधिंग्याच्या मागोमाग आपली जाहिरात नको होती, एवढं साधं कारण.

आता सासऱ्यांची भक्तिगीतं. काही काळ ती खरंच होती, पण सहा ते सात या एका तासात. ट्रॅक्टर आणि औषधवाल्यांना शेतकरी पाहिजे होता, तो पहाटे उठतो म्हणून तो तास त्यांच्यासाठी बनवला. अभंग, भक्तिगीतं, मध्ये मी लिहिलेली द्राक्षावरच्या डाऊनी मिल्ड्यू रोगाच्या औषधाची जाहिरात. चाललं नाही ते. आमचा ट्रॅक्टरवाला एकदा तासगावकडच्या बागाईतदारांना विचारून आला. ते म्हणाले, सकाळी आम्ही आकाशवाणीच लावतो, तिथं हवामान सांगतात, बाजारभाव सांगतात, तुमच्यात काय सांगतात? त्यांचं खरंच होतं. मीडियम वेव्ह जमिनीलगत लांबपर्यंत जाते, जतच्या टोकाला आणि पलीकडं अथणीकडंही आकाशवाणी सांगली ऐकू यायची. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. शिवाय खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. शेतकऱ्याला लागणारं निम्मं बोलताच यायचं नाही. ट्रॅक्टरवाले गेले, तो तास गेला. पोरासोरांनी बंद पाडला नाही, वसुली झाली नाही म्हणून बंद पडला. सासऱ्यांना एवढं सांगा.

सोलापूरचं कोडं सोपं आहे. दुसऱ्या टप्प्यात एका कंपनीला आपल्या एकाच विभागातल्या सी आणि डी वर्गातल्या, म्हणजे लहान शहरांतल्या, स्टेशनांवर एकच कार्यक्रम लावायला परवानगी होती. तिसऱ्या टप्प्याचं धोरण २०११ ला आलं, त्यात हे देशभर मोकळं केलं. मग काय, एक आरजे एका ठिकाणी बसून बोलणार आणि चार गावांत ऐकू येणार. मी काम करत होते तेव्हाच सुरुवात झालेली. सकाळी आणि संध्याकाळी सांगलीचा माणूस, दुपार आणि रात्र बाहेरून. चतुर आरजे मग गावाचं नावच घ्यायचे नाहीत. 'आपलं शहर', 'इथला रस्ता', 'आजचं ऊन'. ऊन सगळीकडंच असतं. एकदा बोलता बोलता 'कृष्णाकाठ' म्हणून गेला एक, तर दुसऱ्या शहरातून चिडून फोन, म्हणे आमच्याकडं नदी सीना आहे. हसू नका, त्याला बोलणी बसली होती.

अजून एक बदल, लोकांच्या लक्षात न आलेला. आधी गाणी वाजवायचे पैसे म्युझिक कंपन्यांना तासाच्या हिशोबानं द्यावे लागायचे. जितकं गाणं तितकं बिल, मग स्टेशन मुंबईचं असो की सांगलीचं. लहान गावाला ते जड जायचं. म्हणून बडबड जास्त, फोन-इन जास्त, 'आज काय भाजी केली' हा प्रकार जास्त. २५ ऑगस्ट २०१० ला कॉपीराइट बोर्डानं निकाल दिला की निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के द्या. त्यानंतर आमच्या इथं 'सलग गाणी' सुरू झाली, आरजेची बडबड आटली. लोकांनी कौतुक केलं, की बघा, आता ऐकणाऱ्यांचा विचार करतात. मला त्यातले फोन-इन जास्त आवडायचे, खोटं कशाला बोलू. कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी करणारा एक जण रोज फोन करून गाणं म्हणायचा, बेसूर, पण पूर्ण.

मग २०१६ ला एका मराठी चित्रपटाची गाणी आली, नाव सांगत नाही, तुमच्या लग्नात वाजलीच असतील. त्यानंतर मराठी गाण्यासाठी सकाळच पाहिजे, ही अट गेली. संध्याकाळच्या पोरांच्या शोमध्येसुद्धा मराठी. क्लासवाले स्वतःहून म्हणायला लागले, मराठी गाण्याच्या शेजारी लावा. म्हणजे मेहुण्याचं 'मराठी नंतर घुसलं' हेही खरं. दोघांना अर्धे अर्धे गुण द्या.

चारभिंती_सातारा :
ताई, मजा आली. साताऱ्याची गोष्ट उलटी आहे म्हणून सांगतो. आमची आकाशवाणी एफएमवरच, १०३.१. लहान जिल्ह्यांसाठी आकाशवाणीनं स्थानिक केंद्रं काढली (देशातलं पहिलं १९८४ ला नागरकोइलला), त्या मालिकेतलं हे. कोल्हापूरचं १०२.७ तसंच. त्यामुळे आमच्याकडं एफएम म्हणजे दुकानदारांचा रेडिओ असं कधी डोक्यात बसलं नाही. शाळेतली मुलं गाणी म्हणायला गेली, बचतगटाच्या बाया बोलायला गेल्या, मध्ये विविध भारती लागायची.
पण डोंगरांनी वाट लावली. यवतेश्वरचा घाट चढून कासकडं वळलं की कुठल्या वळणावर खरखर सुरू होणार ते मला तोंडपाठ आहे. पुण्याची खाजगी एफएम खंबाटकीपर्यंत कशीबशी येतात, घाटात मरतात आणि पलीकडं परत जिवंत होत नाहीत.
एक विचारतो. २०१९ च्या पुरात तुमच्याकडं एफएमवर माहिती देत होते म्हणे. बातम्यांना बंदी असताना कसं काय?

स्पॉटवाली_विश्रामबाग :
चांगलं विचारलंत. तिसऱ्या टप्प्याच्या नियमांत काही गोष्टी बातमी धरायच्या नाहीत असं लिहिलंय. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना, आणि प्रशासनानं दिलेली नैसर्गिक आपत्तीची माहिती. म्हणजे कलेक्टर ऑफिसनं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी दिली तर ती वाचता येते. पण 'पाणी सोडायला उशीर झाला का' हे विचारता येत नाही. ऑगस्ट २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही बहिणीकडं वरच्या मजल्यावर होतो, लाइट नाही, मोबाइल पॉवर बँकवर जपून वापरायचा, त्यामुळे रेडिओ. आकाशवाणी आणि एफएम आलटून पालटून. इतके फूट, इतके इंच, कोयनेतून इतका विसर्ग, अमुक शाळेत जेवणाची सोय. मध्ये गाणी लागत होती की नव्हती, कुणाला विचारलं तर सांगता येणार नाही. साड्यांचा एकही स्पॉट नाही, कापड पेठच पाण्यात होती. माझ्या हिशोबानं एवढे दिवस ते स्टेशन पूर्णपणे सांगलीचं होतं. सोलापूरला कोण ऐकणार आयर्विनची पातळी?
पाणी ओसरलं आणि पहिला स्पॉट आला तो फर्निचर सेलचा. मीच लिहिला.

मिरज_जंक्शन :
बरोबर, जुना ट्रान्झिस्टर तेव्हा कपाटातून काढला होता. मोबाइलमध्ये एफएम होतं, पण इअरफोनची वायर हीच त्याची एरियल, आणि घरात सगळ्यांकडं ब्लूटूथवाले. बऱ्याच नव्या फोनमध्ये तर एफएम देतच नाहीत. २०२३ ला सरकारनं कंपन्यांना सूचना केली होती की फोनमध्ये एफएम चालू ठेवा. परिणाम तुम्हीच बघा.
आणि सहा ते सातचं मला माहीत नव्हतं. मी सातला उठतो.

माणदेशी_वारा :
सगळे शहराचंच बोलताय म्हणून मध्ये तोंड घालतो. स्थानिक रेडिओ म्हणजे काय हे बघायचं असेल तर म्हसवडला या. माणदेशी तरंग वाहिनी, ९०.४, २००८ पासून. सामुदायिक रेडिओ. २००६ च्या धोरणानं संस्थांना अशी केंद्रं काढायला परवानगी मिळाली, त्याच्या आधी फक्त शिक्षणसंस्थांना होती. १०० वॅट ताकद, आसपासची गावं एवढाच पल्ला. आणि निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे, अशी अट. सांगली जिल्ह्यात जतकडं जालिहाळला येरळावाणी आहे तीही याच प्रकारातली. इथं जाहिरातीला तासाला मोजकीच मिनिटं, त्यामुळे ताईंच्या शेठजींची मात्रा चालत नाही. गावातली बाई ओव्या म्हणते, कुणी चारा छावणीचं सांगतो, पोरं खो-खोच्या मॅचचं बोलतात. ऐकणाऱ्याला बोलणारी ओळखीची असते. आमच्या शेजारच्या काकू बोलल्या तेव्हा त्यांच्या सुनेनं आवाज मोठा केला, हे मी कानानं ऐकलंय, भिंत एकच आहे.
बाज मात्र आमच्याकडंही बदलतो. दुष्काळात एक, पावसात दुसरा.

वखारभागकर :
ताई, तुमचं सगळं वाचून दाखवलं. सासरे म्हणाले, "सहा ते सात. मी हेच म्हणत होतो." मेहुणा म्हणाला, "नंतर घुसलं. मी हेच म्हणत होतो." आता दोघं मिळून मला म्हणतात, तुला काय कळतंय. असो.
शेवटचं विचारतो. त्या पहिल्या वर्षांतलं काही ऐकायला मिळेल का? शो, लिंक (गाण्यांच्या मधलं आरजेचं बोलणं), सकाळचा तास, काहीही. आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा अंक निघतोय, त्यात लिहावं म्हणतो.

स्पॉटवाली_विश्रामबाग :
शो मिळणं कठीण आहे हो. कुणी जपून ठेवत नाही. सामुदायिक रेडिओला कार्यक्रम तीन महिने ठेवायचा नियम आहे, त्यानंतर तिथंही जागा करायची म्हणून पुसतात. खाजगीत तर आरजे स्टेशन सोडताना आपापल्या चार चांगल्या लिंक पेनड्राइव्हवर घेऊन जायचे, पुढच्या नोकरीला ऐकवायला, तेवढंच काय ते बाहेर आलं. तुमच्या ओळखीत कुणी जुना आरजे असेल तर त्याला पकडा. बरेच जण आता लग्नात अँकरिंग करतात, तिथं सापडतील.
आमच्या एजन्सीचे स्पॉट मात्र माझ्याकडं आहेत, जुन्या हार्डडिस्कवर. फाइलींना तारखा आहेत, त्यावरून कुठल्या वर्षी कोण कुठल्या वेळेला पैसे टाकत होतं ते काढता येईल. अंकाला त्याचा उपयोग होईल असं मला वाटतं, गाण्यांच्या यादीपेक्षा जास्तच होईल. 'या की बघायला' चे तीन टेक आहेत, एकात मागं रिक्षावाला शिट्टी मारतोय. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन रविवारी या, आधी मेसेज करून.
ट्रॅक्टरचे स्पॉट देणार नाही. त्यांचं बिल अजून यायचंय.